ईएसडी गन हातात घेण्याआधी

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत मी इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या चाचण्या करतो. फर्मागुडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून नव्याने येणाऱ्या मुलांना ईएसडी, म्हणजे स्थिर विजेच्या झटक्याची चाचणी, पोरखेळ वाटते: झटका देणाऱ्या गनचा ट्रिगर दाबायचा, उपकरण चालू राहिलं की पास. पण माणसाच्या अंगातून बसणारा खरा झटका टेबलावर उभा करणं निम्मं गनवर असतं, निम्मं तुमच्या हातावर.

आयईसी 61000-4-2 या चाचणीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे गनमध्ये 150 पिकोफॅरडचा कपॅसिटर आणि 330 ओहमचा रेझिस्टर असतो. हातात किल्ली धरलेल्या माणसाची ही नक्कल. 4 किलोव्होल्टला करंट नॅनोसेकंदाच्या आत 15 अँपिअरवर चढतो. चिपच्या डेटाशीटवरचा एचबीएमचा (ह्यूमन बॉडी मॉडेल, सुट्या चिपसाठीची वेगळी चाचणी) आकडा पाहून निश्चिंत राहू नका. तिथे 100 पिकोफॅरड आणि 1500 ओहम असतात, त्यामुळे तेवढ्याच व्होल्टेजला करंट तीन अँपिअरच्याही खालीच राहतो. सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते.

धातूवर टोकदार टीप टेकवून कॉन्टॅक्ट डिस्चार्ज देतात. त्यात स्विचिंग गनच्या आतच होतं, म्हणून झटका दर वेळी जवळपास सारखाच.

खरं कसब एअर डिस्चार्जचं. गोल टीप मेम्ब्रेन कीपॅडच्या कडेला नेताना डोळे तिथेच ठेवा. ठिणगी सरळ खाली पडत नाही. प्लास्टिकवरून सरपटत फटीत शिरते. ती फट लिहून ठेवा. गन हळू नेली तर ठिणगी लांबूनच पडते आणि झटका मवाळ होतो. म्हणून झपकन न्यायची, पण उपकरणावर आपटायची नाही. 2, 4, 8, 15 किलोव्होल्ट या सगळ्या पायऱ्या करा. 15 ला ठिणगी लांब, करंटचा चढ मंद. 4 ला आखूड आणि तिखट. वर तगलेलं उपकरण खाली हँग होतं, हे मी पाहिलंय.

आता आपल्या गोव्याची गोष्ट. एअर डिस्चार्जसाठी सापेक्ष आर्द्रता 30 ते 60 टक्के हवी, आणि जुलैत बाहेर ती सहज 80 च्या वर असते. ओलसर पृष्ठभागावरून चार्ज गळून जातो आणि कच्चं उपकरणही पास होतं. तेच नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ग्राहकाच्या हातात बंद पडणार! डिह्युमिडिफायर लावा, आकडा स्थिरावेपर्यंत थांबा, मगच गन उचला.

बॅटरीवरच्या उपकरणाला अर्थिंग (जमिनीशी जोडणी) नसतं, चार्ज त्याच्यावरच साठतो. दोन झटक्यांच्या मध्ये दोन्ही टोकांना 470 किलोओहमचे रेझिस्टर असलेल्या वायरने तो काढून टाका, नाहीतर पुढचा झटका बसल्यासारखा वाटतो, बसत नाही.

रिपोर्टात नुसतं ‘हँग झालं’ लिहू नका. जागा, पोलॅरिटी, व्होल्टेज, आपोआप सावरलं की बंद करून चालू करावं लागलं, सगळं लिहा. कॅबिनेटचा सांधा बदलायचा की बोर्डावर टीव्हीएस डायोड (झटका अंगावर घेणारा भाग) बसवायचा, हे डिझाइनवाला त्यावरूनच ठरवतो.