एम.एड.च्या रिसर्चमध्ये या चुका टाळा, आणि डेटा गोळा करायच्या आधीच टाळा

जानेवारी उजाडला की फोन सुरू होतात. "ताई, डेटा तर झाला, आता कुठली टेस्ट लावू?" मला दर वेळी वाईट वाटतं, कारण कुठली संख्याशास्त्रीय टेस्ट लावायची ह्या प्रश्नाचं उत्तर डेटाच्या आधी ठरवायचं असतं. बडोद्यात एम.एड. करणारी आपली मराठी मुलं-मुली दांडिया बाजार, रावपुऱ्यातून येतात, मन लावून अभ्यास करतात, मेथड्सच्या पेपरात चांगले मार्क काढतात आणि स्वतःच्या डेझर्टेशनला बसली की अडकतात. जे परत परत दिसतं ते लिहितेय.

पहिली चूक टायटलमध्येच असते. टायटलमध्ये "परिणाम" लिहायचं आणि करायचा सर्व्हे. मोबाइलचा वापर आणि मार्क यांचं को-रिलेशन काढलंत तर दोन्ही बरोबर हलतात एवढंच कळतं, मोबाइलमुळे मार्क गेले, की मार्क येत नाहीत म्हणून पोरगं मोबाइलमध्ये शिरलं, की घरी लक्ष द्यायला कोणी नाही म्हणून दोन्ही झालं, हे त्या एका आकड्यातून कधीच कळत नाही. सर्व्हे करून झाला असेल तर टायटल बदलून "संबंध" करा, गाइडशी बोला, त्यात काही कमीपणा नाही.

आता एक्सपेरिमेंट. आठवी अ ला नवीन पद्धतीने शिकवलं, आठवी ब ला नेहमीसारखं, आणि रिपोर्टमध्ये लिहिलं "प्रायोगिक पद्धत". शाळेने वर्ग आधीच पाडलेले आहेत, तुम्ही चिठ्ठ्या टाकून मुलं वाटली नाहीत, मग हे क्वाझी-एक्सपेरिमेंटल (प्रयोगासारखं, पण पूर्ण प्रयोग नव्हे) झालं आणि तसंच लिहायचं. म्हणजे काम हलकं झालं असं नाही, फक्त दोन वर्ग मुळात सारखे होते का हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते. प्री-टेस्ट (शिकवायच्या आधीची चाचणी) घ्या, फरक असला तर ॲनकोव्हाचा, म्हणजे सुरुवातीचा फरक हिशेबात धरून तुलना करणाऱ्या टेस्टचा, विचार करा, पण ॲनकोव्हा सगळा फरक पुसून टाकते असं समजू नका. आणि अ ला तुम्ही स्वतः उत्साहाने शिकवलं नि ब ला दुसऱ्या बाईंनी, तर जिंकली कोण, पद्धत की तुम्ही?

कंट्रोल ग्रुपच नाही, म्हणजे तुलनेला नवीन पद्धतीने न शिकवलेला गटच नाही, ही तर फार मोठी चूक. माझ्या वेळी शाळेने पोस्ट-टेस्टला तारीख दिली ती नेमकी नवरात्रातली, आणि बडोद्यात नवरात्र म्हणजे पोरं मध्यरात्रीपर्यंत गरब्याला, सकाळी बाकावर डोळे मिटताहेत. मला रडू आलं होतं. पण दोन्ही वर्ग तसेच जागे होते म्हणून निदान दोघांतला फरक तरी वाचता आला, एकच ग्रुप असता तर मार्क का पडले हे सांगताच आलं नसतं. कॅम्पबेल आणि स्टॅनली या संशोधन पद्धतींवर लिहिणाऱ्यांनी १९६३ मध्ये निष्कर्ष चुकवणाऱ्या अशा धोक्यांची यादी केली, त्यात बाहेरच्या घटनांना "हिस्टरी" म्हटलंय, ते परीक्षेपुरतं पाठ करू नका, शाळेचं कॅलेंडर समोर ठेवून वाचा. उत्तरायण, दिवाळीची सुट्टी, बोर्डाची परीक्षा, सगळं आधी मांडा.

त्याच यादीतला एक धोका फारच फसवतो. प्री-टेस्टमध्ये सगळ्यात कमी मार्क असलेली २० मुलं निवडली, उपचारात्मक वर्ग घेतले, मार्क वाढले, आनंद झाला. पण त्या दिवशी कोणी आजारी होतं, कोणाचं लक्ष नव्हतं, अशी मुलं पुढच्या टेस्टला काही न करताही थोडी वर येतातच. म्हणून तेवढ्याच कमी मार्कांचा दुसरा गट तुलनेला हवाच हवा.

सॅम्पलचं थोडक्यात. सॅम्पल किती घ्यायचं ते सांगणाऱ्या क्रेजसी-मॉर्गनच्या १९७० च्या टेबलमधून ३८४ आकडा उचलायचा आणि गूगल फॉर्म व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हे चालत नाही. तो आकडा रँडम सॅम्पलसाठी आहे. मिळेल त्याला विचारलं तर ३८४ काय नि हजार काय, "सोयीचा नमुना" असंच लिहा.

टूलवर, म्हणजे प्रश्नावली किंवा चाचणीवर, मात्र जरा थांबते, कारण इथे आपल्याकडची खास अडचण आहे. टूल हिंदीत किंवा इंग्लिशमध्ये, मुलं गुजराती मीडियमची, आणि भाषांतर करणारी आपण घरी मराठी बोलणारी. हिंदीतलं "अच्छी शिक्षा" तसंच ठेवलं तर गुजराती काय नि मराठी काय, मुलाच्या मनात आधी छडी येते! गुजरातीच्या शिक्षकाकडून भाषांतर तपासून घ्या, मग मूळ टूल न पाहिलेल्या माणसाकडून उलटं भाषांतर करून घ्या. "मला शाळेत कंटाळा येत नाही" अशा वाक्याला "असहमत" म्हणजे नेमकं काय, हे सहावीच्या मुलाला विचारून बघा, गोंधळतं की नाही. पायलट, म्हणजे थोड्या मुलांवर टूल आधी वापरून बघणं, सोडू नका. सयाजीराव महाराजांनीसुद्धा सक्तीचं शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेलीत करून बघितलं आणि मग १९०६ मध्ये राज्यभर नेलं, आपण निदान ३० मुलांवर तरी करून बघूया.

अल्फा (टूलमधली वाक्यं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा) फक्त ०.३ आला म्हणून टूल फेकू नका. आधी नकारार्थी वाक्यांचं स्कोअरिंग उलटं केलंय का बघा, बहुतेक वेळा तिथेच राहिलेलं असतं. तरी कमी असेल तर चार वेगवेगळे घटक एकत्र करून एकच अल्फा काढलाय का ते बघा.

रिव्ह्यूसाठी, म्हणजे आधी झालेल्या कामाच्या आढाव्यासाठी, नेटचं पहिलं पान पुरत नाही. शोधगंगा या साइटवर थीसिस आहेत, आणि आपल्याच महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटीत १९६३ पासून केस (CASE, शिक्षणाच्या प्रगत अभ्यासाचं केंद्र) आहे, जिथून एम. बी. बुच यांनी १९७४ मध्ये देशभरातल्या शैक्षणिक संशोधनाचा आढावा घेणारा सर्व्हे काढला. इतक्या जवळ राहून तो न उघडता "या विषयावर काम झालेलं नाही" असं लिहू नका.

आणि पी व्हॅल्यू (खरा फरक नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) नेहमीच्या ०.०५ च्या वर, ०.०८ आली म्हणून रडणाऱ्यांनो, मुलं गाळून परत रन करू नका प्लीज. "शून्य परिकल्पना (म्हणजे फरक नाही हे गृहीतक) नाकारता आली नाही" असं लिहा, "सिद्ध झाली" नाही. मुलं किती होती, सरासरीत फरक किती पडला, सगळं टेबलमध्ये द्या. हे टेबल डेटाच्या आधी कोरं काढून ठेवलं असेल, कुठल्या रकान्यात काय येणार ते ठरवून, तर कुठली टेस्ट लावू हे विचारायला जानेवारीत फोन करावा लागत नाही.