व्हेरिएबलच्या या चुका टाळा

जावास्क्रिप्ट शिकायला बसलेला माणूस पहिल्या तासाला व्हेरिएबल, म्हणजे माहितीला दिलेलं नाव, शिकतो, दुसऱ्या तासाला "हे तर सोपं आहे" म्हणून पुढे सरकतो आणि नंतरचे कित्येक महिने व्हेरिएबलच्याच चुका निस्तरत बसतो. तेव्हा त्याला त्या चुका लूपच्या, फॉर्मच्या नाहीतर ब्राउझरच्या वाटतात, एवढंच. नवशिक्यांचा कोड मी बरीच वर्षं तपासतोय. माणसं बदलतात, चुका त्याच येतात. म्हणून एकदा लिहूनच टाकतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी एक खुलासा. खालची उदाहरणं देवनागरीत दिली आहेत. लेट, कॉन्स्ट, व्हार (हे तिन्ही व्हेरिएबल जाहीर करणारे) आणि इफ (अट तपासणारा) हे जावास्क्रिप्टचे स्वतःचे शब्द तुम्हाला रोमन अक्षरांतच टाइप करायचे आहेत. व्हेरिएबलचं नाव मात्र खरोखरच देवनागरीत चालतं. त्यातली गोम शेवटी सांगतो.

फॉर्ममधून आलेला आकडा हा आकडा नसतो

ही माझी सगळ्यात नावडती चूक, कारण ती मी स्वतः केलेली आहे आणि तीही चारचौघांत.

पानावरच्या इनपुट चौकटीत वापरणाऱ्याने २ टाइप केला, तरी तिच्या व्हॅल्यूमधून तुमच्या हातात येतो तो मजकूर, म्हणजे स्ट्रिंग. चौकटीचा प्रकार 'नंबर' ठेवला तरीही व्हॅल्यू स्ट्रिंगच देते. आता जावास्क्रिप्टमध्ये अधिकचं चिन्ह दोन कामं करतं: दोन्ही बाजूंना आकडे असले तर बेरीज आणि एका जरी बाजूला स्ट्रिंग असली तर चिकटवाचिकटवी. "२" अधिक "१" म्हणजे "२१". वजाबाकी, गुणाकार आणि भागाकार मात्र स्ट्रिंगचा मुकाट्याने आकडा करून घेतात. त्यामुळे अर्धं पान बरोबर चालतं आणि अर्धं चुकतं, आणि नवशिक्या बरोबर चाललेल्या अर्ध्याकडे बोट दाखवून म्हणतो, "पण इथे तर चालतंय!"

तर गोष्ट अशी. एका शिबिराच्या नोंदणीचं पान होतं. मोठे किती, लहान किती हे भरायचं, की पान ६० जागांमधून तेवढ्या वजा करून उरलेल्या जागा दाखवायचं. नोंदणीच्या टेबलावर एकच लॅपटॉप. पान मूळ कुणी लिहिलं ते ठाऊक नाही, पण त्यात ही ओळ होती:

लेट एकूण = मोठे - (-लहान);

मी ती वाचली आणि हसलो. वजा वजा? सरळ अधिक लिहायला काय झालं होतं? केली 'स्वच्छ':

लेट एकूण = मोठे + लहान;

मग तपासणी. मोठे ०, लहान ३ टाकून बघितलं. उरलेल्या जागा ५७. उत्तम. मी लॅपटॉप देऊन मोकळा झालो.

दुसऱ्या दिवशी पहिलं कुटुंब आलं, दोन मोठे आणि एक लहान. पानाने २१ जागा घेतल्या, उरल्या ३९. पुढचं कुटुंब, एक मोठा आणि एक लहान: आणखी ११ गेल्या, उरल्या २८. तिसरं, दोन मोठे आणि दोन लहान: २२ गेल्या, उरल्या ६. चौथ्या कुटुंबाला पानाने जागा शिल्लक नसल्याचं सांगितलं. तोवर शिबिरात एकंदर नऊ माणसं होती. टेबलावरच्या कार्यकर्त्याने मला फोन करून विचारलं, "एवढी गर्दी कुठे आहे हो?"

माझी तपासणी का पास झाली ते बघा. "०" आणि "३" चिकटून "०३" झाले, आणि वजाबाकीने "०३" चे ३ करून घेतले. म्हणजे शून्य टाकून तपासणं हे न तपासल्यासारखंच. आणि मूळ लिहिणाऱ्याची ती विचित्र वजा वजा हीच पानाचा खरा आधार होती. अधिकने स्ट्रिंगा चिकटतात हे त्याला कळलं होतं आणि त्याने कुठलीतरी पळवाट शोधली होती. पळवाट चालली, पण ती का आहे हे त्याने कुठे लिहिलं नाही, आणि माझ्यासारख्या शहाण्याने ती बुजवली. एकाने गुणणं, शून्य वजा करणं, नावापुढे एकटं अधिकचं चिन्ह लावणं, या सगळ्या क्लृप्त्यांवर माझा राग आहे तो यामुळेच.

माझी सवय आता अशी: फॉर्मचा मजकूर आत येतो त्या दारातच त्याचा आकडा करायचा, 'नंबर' हे फंक्शन उघडपणे वापरून. आणि नावातच फरक ठेवायचा. 'मोठेमजकूर' म्हणजे अजून कच्चा माल आणि 'मोठे' म्हणजे आकडा. नाव लांब होतं, होऊ दे.

कॉन्स्ट मोठेमजकूर = चौकट.व्हॅल्यू;
कॉन्स्ट मोठे = नंबर(मोठेमजकूर);

यातही एक खड्डा आहे. रिकामी चौकट 'नंबर' ला दिली तर तो ० देतो, कुरकुर करत नाही. तेव्हा रिकामं आहे का हे आधी मजकुरावरच तपासा. 'पार्सइंट' वापरू का, असं हमखास विचारतात. पार्सइंट "12 जण" यातून निमूटपणे 12 काढून देतो, 'नंबर' त्याच मजकुराला नॅन, म्हणजे 'आकडा नाही', म्हणतो. मला चूक झाकणाऱ्यापेक्षा बोंब मारणारा बरा वाटतो. फक्त नॅन हा स्वतःच्या बरोबरीचाही नसतो, त्यामुळे 'बरोबर नॅन आहे का' अशी तुलना कधीच खरी ठरत नाही. त्यासाठी 'नंबर.इजनॅन' आहे.

एकदाच वाचायचं आणि बदलायची वाट बघायची

स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं असतं: कॉन्स्ट वय = चौकट.व्हॅल्यू. खाली बटणाचं फंक्शन. बटण दाबलं की वय रिकामं. कितीही टाइप करा, रिकामंच.

पान उघडताना चौकट रिकामी होती, तेव्हा तुम्ही ती वाचलीत. व्हेरिएबल चौकटीकडे डोळे लावून बसत नाही. वाचलं त्या क्षणी जे होतं ते त्याच्याकडे राहिलं. वाचण्याची ओळ बटणाच्या फंक्शनच्या आत न्या. चौकट स्वतः व्हेरिएबलमध्ये ठेवायला हरकत नाही, तिची व्हॅल्यू हवी तेव्हा मागा.

याचंच भावंड: स्क्रिप्ट पानाच्या सुरुवातीच्या हेड भागात आहे, चौकट अजून पानावर आलेलीच नाही, म्हणून व्हेरिएबलमध्ये नल, म्हणजे 'काहीच नाही'. मग कन्सोल (ब्राउझरची संदेश दाखवणारी खिडकी) 'नलचे गुणधर्म वाचता येत नाहीत' असं लाल अक्षरांत सांगतो आणि नवशिक्या तो लाल मजकूर न वाचताच मला पाठवतो. वेगळ्या फाइलमधून जोडलेल्या स्क्रिप्टच्या टॅगला 'डिफर' लावा, म्हणजे पान वाचून झाल्यावरच ती चालेल.

जुना कोड उचलून आणलेला व्हार

१९९५ साली ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपमध्ये या भाषेचा पहिला नमुना दहा दिवसांत उभा केला. व्हार हा तेव्हापासूनचा. लेट आणि कॉन्स्ट २०१५ च्या आवृत्तीत आले. आज नवीन पान लिहिताना व्हार वापरायचं एकही कारण मला दिसत नाही. तरीही तो येत राहतो, कारण लोक कुठून तरी दहा ओळी उचलतात, चिकटवतात आणि चाललं की पुढे जातात.

व्हारचे दोष पुष्कळ आहेत. तो महिरपी कंसाबाहेर सांडतो, एकच नाव दोनदा जाहीर केलं तरी गप्प बसतो. पण माणसाला सगळ्यात जास्त वेळ रडवणारा दोष वेगळाच आहे. साध्या स्क्रिप्टमध्ये, कुठल्याही फंक्शनच्या बाहेर व्हारने केलेलं व्हेरिएबल थेट ब्राउझरच्या विंडो या वस्तूला जाऊन चिकटतं. आणि विंडोकडे आधीपासून तिची स्वतःची काही नावं आहेत: नेम, स्टेटस, टॉप, लोकेशन. म्हणजे नवशिक्याला सुचणारी पहिली चार नावं!

एक मुलगी हजेरीचं पान करत होती. वर व्हार नेम, त्यात सात नावांची यादी. यादीतलं पहिलं नाव मागितलं तर पानावर एकच अक्षर येई. यादीची लांबी विचारली तर सातऐवजी पन्नासच्या घरातला काहीतरी आकडा. दोन संध्याकाळी तिने लूप उलटासुलटा करून पाहिला. लूपला काहीच झालं नव्हतं. विंडोचं नेम फक्त स्ट्रिंगच ठेवून घेतं, त्यामुळे सातही नावं स्वल्पविरामांनी जोडून एक लांबलचक मजकूर झाला होता आणि पान त्यातलं पहिलं अक्षर दाखवत होतं. तिने व्हारच्या जागी लेट लिहिला आणि पान चाललं. "एवढंच?" असं म्हणून ती इतकी चिडली, की त्या दिवशी तिने पुढे काही केलंच नाही. मला तिचा राग पटला.

स्टेटस त्याहून आतल्या गाठीचा. व्हार स्टेटस मध्ये फॉल्स (खोटं) ठेवा, तो "फॉल्स" अशी स्ट्रिंग होऊन बसतो, आणि इफच्या दृष्टीने रिकामी नसलेली प्रत्येक स्ट्रिंग खरीच. म्हणजे दार बंद केलंत आणि ते सताड उघडं. लोकेशनला काही दिलंत तर ब्राउझर चक्क त्या पत्त्यावर निघतो. लेट टॉप किंवा लेट लोकेशन लिहिलंत तर निदान तिथेच एरर येते.

ह्रस्व-दीर्घाची किंमत

वर लेट एकूण, खाली घाईत एकुण = एकूण + ५. जावास्क्रिप्ट तुमचं शुद्धलेखन तपासत नाही. न जाहीर केलेल्या नावाला काही दिलं, की ती त्या नावाचं नवं ग्लोबल, म्हणजे सगळीकडून दिसणारं, व्हेरिएबल करून मोकळी होते, आणि तुमचा एकूण आहे तिथेच राहतो. लहान-मोठ्या रोमन अक्षरांचंही तेच.

फाइलच्या पहिल्या ओळीत अवतरणचिन्हांत 'यूज स्ट्रिक्ट' लिहा. ही सोय २००९ पासून आहे. मग अशा ठिकाणी लगेच रेफरन्स एरर येते. स्क्रिप्ट मॉड्यूल म्हणून जोडली असेल तर हा कडक कारभार आपोआप लागू असतो. "स्ट्रिक्ट लावल्यावर एरर वाढल्या" अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी काय सांगावं? एरर आधीही होत्या, आता दिसायला लागल्या.

कॉन्स्ट आणि तो डबा

व्हेरिएबल म्हणजे डबा, असं सगळीकडे शिकवतात. मीही शिकवायचो. मग मुलं कॉन्स्ट यादी करून तिच्यात नवं नाव घालतात, ते बिनतक्रार जातं, आणि ती विचारतात, की डबा तर सील होता ना? किंवा लेट दुसरी = पहिली लिहितात, दुसरीत भर घालतात आणि पहिलीही बदललेली पाहून घाबरतात.

डब्याऐवजी नावाची चिठ्ठी समजा. कॉन्स्ट म्हणजे ही चिठ्ठी या वस्तूवरून काढून दुसरीवर लावता येणार नाही, इतकंच. वस्तूच्या आत काय हलवाहलव होते त्याच्याशी चिठ्ठीचा संबंध नाही. आणि लेट दुसरी = पहिली याने त्याच यादीवर दुसरी चिठ्ठी लागते, यादी एकच राहते. वेगळी प्रत हवी तर तीन टिंबांनी यादी नव्या चौकटी कंसात पसरा. मात्र ही प्रत वरवरचीच. यादीच्या आत याद्या असतील तर आतल्या अजूनही सामायिक.

मी सगळं आधी कॉन्स्ट लिहितो. खरंच बदलायची वेळ आली की त्याचा लेट करतो.

उरलेलं, झटपट

इफमध्ये एकच बरोबरचं चिन्ह टाकलंत तर तुलना होत नाही, किंमत बदलते. तीन चिन्हं वापरा, दोनची सवयच लावू नका.

व्हेरिएबलचं नाव अवतरणचिन्हांत घातलं की पानावर ते नावच छापून येतं.

लेट एकदाच. पुन्हा किंमत देताना परत लेट लिहायचं नाही.

कंसाच्या आत लेटने केलेलं बाहेर दिसत नाही. ही तक्रार नसून सोय आहे.

नाव आकड्याने सुरू होत नाही, आणि मधली आडवी रेघ म्हणजे वजाबाकी.

अ, अ१, नवाअ, नवाअ२ अशी नावं देणाऱ्याचा कोड मी उघडतो आणि बंद करतो.

अडलं की एफ१२ दाबा, कन्सोलमध्ये व्हेरिएबलची किंमत आणि शेजारी त्याचा टाइपऑफ (किंमतीचा प्रकार) छापा. दोन्ही एकत्र. नुसती किंमत पाहून २ आणि "२" यांतला फरक बऱ्याचदा कळत नाही. फक्त नलचा टाइपऑफ 'ऑब्जेक्ट' येतो. ती भाषेची जुनी चूक आहे, तुमची नाही.

देवनागरी नावांची गोम

व्हेरिएबलला वय, किंमत, दुसऱ्या अशी नावं देता येतात, कारण नावात युनिकोड अक्षरं चालतात. आकड्यांना मात्र ही सवलत नाही. कोडमध्ये १० असा देवनागरी आकडा लिहिला तर सिंटॅक्स एरर, आणि मजकुराच्या चौकटीत कुणी १० टाइप केलं तर 'नंबर' त्याचं नॅन करतो. वरच्या उदाहरणांतले आकडेही त्यामुळे इंग्रजी (1, 2, 3) समजा. वापरणारे मराठी कीबोर्डवरून भरणार असतील, तर आधी देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घालून घ्या आणि मग 'नंबर' ला द्या.

आणि 'दुसऱ्या' मधला तो ऱ. एका सरावाच्या फाइलमध्ये लेट दुसऱ्या वर होता, खाली तेच नाव वापरलं तर 'डिफाइंड नाही' अशी एरर. दोन्ही शब्द डोळ्यांना हुबेहूब सारखे. शेवटी दोन्ही अवतरणचिन्हांत घालून त्यांची लेंग्थ (लांबी) छापली: एकाची ७, दुसऱ्याची ८. वरचा शब्द सरळ ऱ या अक्षराने टाइप केलेला होता, खालचा दुसऱ्या कीबोर्डवरून र, हलंत आणि एक न दिसणारं जोडचिन्ह वापरून. जावास्क्रिप्टच्या लेखी ती दोन वेगळी नावं. नाव पुन्हा टाइप न करता वरूनच कॉपी केलं तेव्हा पान चाललं. त्यानंतर देवनागरी नावं मी फक्त शिकवताना वापरतो.