थंडीत पांढरी पडणारी बोटं: माझा अनुभव

नाशिकच्या थंडीत फ्रीजमधून दुधाचं पातेलं काढलं की माझी दोन-तीन बोटं पेरापर्यंत खडूसारखी पांढरी पडायची. मग निळसर, आणि रक्त परतलं की लालबुंद होऊन ठणकायची. सासूबाईंचं निदान ठरलेलं: अशक्तपणा, खजूर खा! डॉक्टरांनी मात्र रेनॉड नावाचा त्रास असल्याचं सांगितलं. मॉरिस रेनॉड या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ मध्ये याचं वर्णन केलं होतं. गारठा किंवा ताण आला की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या गरजेपेक्षा जास्त आवळतात. मागे ल्युपस, स्क्लेरोडर्मा असा, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तसा काही आजार नाही ना, म्हणून एएनए ही रक्ततपासणी झाली, निगेटिव्ह आली.

खरा फरक पडला तो अंग गरम ठेवल्याने. नुसते हातमोजे पुरत नाहीत; छाती-पोट गार पडलं की शरीर आधी बोटांचाच रक्तपुरवठा कमी करतं. म्हणून आधी स्वेटर, मग हातमोजे. बोटं पांढरी पडलीच तर कोमट पाण्यात धरते. कढत नको, बधिर बोटांना चटका कळत नाही. अर्धशिशीसाठी चालू असलेली प्रोप्रानोलॉल गोळी डॉक्टरांनी बदलून दिली, कारण प्रोप्रानोलॉलने हा त्रास वाढू शकतो. रक्तवाहिन्या सैल करणारी निफेडिपिन गोळी अजून लागलेली नाही. बोटाच्या टोकाला जखम झाली किंवा त्रास एकाच हाताला असेल, तर मात्र खजुरावर थांबू नका, थेट डॉक्टरांना दाखवा.