साखर-बीपी असताना फळ खायचं कसं: काटा, वेळ आणि मिठाची चिमूट

डायबिटीस निघाला की घरात आधी फळं बंद होतात आणि चहासोबतची खारी, बिस्किटं मात्र चालूच राहतात. हे उलटं व्हायला हवं. अख्ख्या फळातल्या चोथ्यामुळे साखर रक्तात हळूहळू उतरते आणि फळातलं पोटॅशियम बीपीला मदत करतं. अट एवढीच की फळ मोजून खायचं, आणि जेवणावर वरून नाही, कशाच्या तरी बदल्यात.

एका वेळी साधारण 15 ग्रॅम कर्बोदकं होतील एवढंच फळ घ्या. काट्यावर खाण्याजोगा भाग ठेवून बघा: सालीबियांसकट पेरू 100 ग्रॅम, पपई 140, संत्र्याच्या फोडी 125, कलिंगड 200, हापूसचा गर 100, द्राक्षं 80, चिकू 75, केळं किंवा सीताफळाचा गर 65. म्हणजे मोठं केळं असेल तर अर्धंच. आठवडाभर वजन केलं की नजर बसते. दिवसातून दोनदा, मध्ये तीन-चार तास सोडून खा.

यात पेरू सगळ्यात सोयीचा. 100 ग्रॅममागे 5 ग्रॅम चोथा, 400 मिलिग्रॅमवर पोटॅशियम. पण गाडीवर त्याच्या फाका करून वर तिखटमीठ चोळतात, तिथे बीपीचं गणित बिघडतं. दिवसभराचं सगळं मीठ 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट एक चमचा. फाकांवर पाव चमचा गेलं की चौथा हिस्सा तिथेच संपला. सैंधव, काळं मीठ, चाट मसाला, कशानेही सुटका नाही; सोडियम त्यातही असतं. त्याऐवजी लिंबू पिळा, भाजलेल्या जिऱ्याची पूड भुरभुरवा.

आमरसाची वाटी म्हणजे दोन आंबे, वर साखर आणि सोबत पुऱ्या. त्यापेक्षा आंब्याच्या फोडी खा आणि त्या जेवणात एक पोळी कमी करा. उपवासाला साबुदाण्याच्या खिचडीवर केळं नकोच. आणि जांभळाच्या बियांची पूड घेता म्हणून गोळी बंद करू नका.

कोणतं फळ आपल्याला सोसतं, हे ग्लुकोमीटर सांगतो. खाण्याआधी आणि खायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी तपासा. दुसरा आकडा सहसा 180च्या आत हवा. बोट टोचण्याआधी हात साबणाने धुऊन कोरडे करा. संत्रं सोललेल्या बोटावर रस राहिला तर आकडा खोटाच वाढून येतो, आणि लोक विनाकारण घाबरतात.

रस एरवी टाळायचा, पण साखर 70च्या खाली गेली, घाम सुटला, हात थरथरायला लागले तर तोच कामाचा: अर्धा कप रस किंवा पाण्यातून तीन चमचे साखर, आणि 15 मिनिटांनी परत तपासणी. तेव्हा पेरू देऊ नका, चोथ्यामुळे उशीर होतो. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, लगेच दवाखान्यात न्या.

किडनीचा त्रास असेल तर रक्तात पोटॅशियम साठू शकतं, त्यामुळे वरची मापं तुमच्यासाठी नाहीत. टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढू शकतं, म्हणून रक्त तपासून डॉक्टरांकडून प्रमाण ठरवून घ्या. कमरख (स्टारफ्रूट) मात्र किडनीच्या रुग्णांनी एक फोडही खायची नाही. त्यातलं विष किडनीला बाहेर टाकता आलं नाही तर ते थेट मेंदूवर जातं. न थांबणारी उचकी लागते, झटके येतात.