नाव तेच, प्रथिन दुसरेच: पेशीविभाजनातली प्रथिने ताडून पाहताना या चुका टाळा

एमएस्सीच्या प्रकल्पात हे काम बऱ्याच जणांच्या वाट्याला येते: पेशीविभाजनातले माणसाचे एखादे प्रथिन घ्यायचे, उंदीर, बेडूक आणि फळमाशीत त्याचे नातेवाईक शोधायचे आणि फरक लिहायचा. ब्लास्ट (क्रम ताडून साम्य असलेली प्रथिने शोधणारे साधन) चालवले की यादी लगेच हाती येते. पण त्या यादीवर विसंबून काढलेले निष्कर्ष पुढे टिकत नाहीत, आणि त्यात चांगल्या विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने जातात.

सगळ्यात महागात पडते ते नावावरून नाते जोडणे. यातली पुष्कळ नावे यीस्टवरच्या कामातून आली. लेलँड हार्टवेल मुकुल येणाऱ्या यीस्टवर काम करत होते, पॉल नर्स दुभंगणाऱ्या यीस्टवर. दोन्हीकडे उत्परिवर्तनांना आपापले क्रमांक मिळाले, त्यांचा एकमेकांशी मेळ नाही. प्राण्यांमधल्या सीडीसी२५ ला नाव मिळाले ते दुभंगणाऱ्या यीस्टवरून; तिथे हे प्रथिन फॉस्फेट काढून सीडीके१ ला, म्हणजे पेशीविभाजन सुरू करणाऱ्या विकराला, चालू करते. मुकुल येणाऱ्या यीस्टमधले सीडीसी२५ मात्र रास या संदेश पोचवणाऱ्या प्रथिनाला चालना देणारे, पूर्ण वेगळ्या घराण्यातले. तिथला खरा भाऊबंद आहे एमआयएच१. सीडीसी२ चेही तसेच: दुभंगणाऱ्या यीस्टमध्ये तो सीडीके१, मुकुल येणाऱ्यात डीएनएची नक्कल करणारे डीएनए पॉलिमरेज डेल्टा. जुन्या शोधनिबंधांत माणसाच्या सीडीके१ लाही सीडीसी२ म्हटलेले आढळेल. म्हणून तक्त्यात नावाशेजारी प्राण्याचे नाव आणि डेटाबेसमधला नोंदक्रमांक लिहाच.

दुसरी चूक जोड्या लावण्याची. ‘फळमाशीतले स्ट्रिंग म्हणजे माणसातले सीडीसी२५ए की सी?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. माशीत या घराण्याची दोन जनुके आहेत, स्ट्रिंग आणि ट्वाइन. सस्तन प्राण्यांत तीन, ए, बी आणि सी. माशीचा आणि आपला वंश वेगळा झाल्यानंतर दोन्हीकडे स्वतंत्रपणे प्रती वाढल्या. त्यामुळे स्ट्रिंगचे तिघांशी नाते सारखेच, मग ब्लास्टमध्ये गुण कुणाला का जास्त मिळेनात. कामाची वाटणीही निरनिराळी झाली आहे. स्ट्रिंग नसेल तर माशीचा भ्रूण चौदाव्या विभाजनचक्रात अडकतो. ट्वाइन लागते अर्धसूत्री विभाजनात. उंदरात ए गेले तर भ्रूण लवकरच मरतो. बी गेले तर उंदीर जगतो, पण मादी वांझ होते, कारण अंडपेशी अर्धसूत्री विभाजनात थांबून राहते. एकटे सी गेले तर ठळक दोष दिसत नाही. हे सगळे ‘सर्वांत जवळचा जुळणारा’ या एका ओळीत मावणार नाही. वंशवृक्ष काढा, आणि त्यात समुद्रफुलासारखा दूरचा प्राणी बाह्यगट (तुलनेसाठी घराबाहेरचा संदर्भ) म्हणून घ्या. आफ्रिकी बेडकाच्या झेनोपस लेविस जातीत बहुतेक जनुके एल आणि एस अशा दोन संचांत असतात. त्यांना उगाच दोन वेगळी घराणी समजू नका.

आता सर्वांत अवघड भाग: काहीच न सापडणे. माणसाचे सेक्युरिन (सेपरेज या विकराला वेळ येईपर्यंत रोखणारे प्रथिन) घेऊन माशीत शोधाल तर ब्लास्ट रिकाम्या हाताने परत येईल. तरी माशीत ते काम करणारे प्रथिन आहे, पिम्पल्स नावाचे. क्रम इतका बदलला आहे की साम्य जवळपास उरलेले नाही. उरले आहे ते सेपरेजला, म्हणजे गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती वेगळ्या करणाऱ्या विकराला, धरून ठेवण्याचे काम आणि वेळ आली की नष्ट होण्याची खूण. सेपरेजचीही माशीत तऱ्हा वेगळी आहे. ते आखूड दिसते म्हणून जनुकाची नोंद अर्धवट आहे असे वाटते, पण सोबत थ्री रोज नावाचे स्वतंत्र प्रथिन काम करते. उलट रेशीमकिड्यात सेनपी-ए सापडत नाही ते खरोखरच नाही म्हणून. गुणसूत्रबिंदू ठरवणारे हे हिस्टोन (डीएनए ज्याभोवती गुंडाळला जातो त्या प्रकारचे प्रथिन) अनेक कीटकवंशांनी वेगवेगळ्या वेळी गमावले, आणि त्यांच्यात विभाजनात गुणसूत्रे ओढणारे धागे गुणसूत्राच्या पूर्ण लांबीवर जोडले जातात. २०१४ साली हे दाखवले गेले. ‘आढळले नाही’ आणि ‘नाही’ यांतला फरक असा कळतो: एकाच प्राण्यात न शोधता जवळच्या अनेक जातींत शोधा, साध्या ब्लास्टऐवजी एचएमएमईआरसारख्या प्रोफाइलवर (अनेक क्रमांच्या एकत्रित नमुन्यावर) चालणाऱ्या साधनाने शोधा, आणि जनुकसंचाची जुळणी (तुकडे जोडून तयार केलेला क्रम) पुरी आहे का ते पाहा. यातले काही केले नसेल तर अहवालात ‘या पद्धतीने आढळले नाही’ एवढेच लिहा.

सारखे प्रथिन म्हणजे सारखी गरज, असेही धरून चालू नका. सेक्युरिन नसलेले उंदीर जगतात. पिम्पल्स नसलेल्या माशीच्या भ्रूणात मात्र गुणसूत्रांच्या जुळ्या प्रती वेगळ्याच होत नाहीत.

औषध वापरताना हाच प्रश्न पुन्हा समोर येतो. मोनॅस्ट्रोल हे औषध माणसाच्या ईजी५ या मोटर प्रथिनाला रोखते, माशीतल्या त्याच्या नातेवाईकाला, केएलपी६१एफ ला नाही. औषध बसण्याच्या जागेवरचा लूप (प्रथिनसाखळीचा वळसा) दोघांत वेगळा आहे. माशीच्या पेशींवर परिणाम दिसला नाही म्हणून ‘माशीत हा मोटर गरजेचा नाही’ असे लिहू नका. आधी औषध त्या प्रथिनाला चिकटते का ते तपासा. अँटिबॉडी वापरतानाही ती ज्या तुकड्यावर बनवली तो तुकडा तुमच्या प्राण्यात तसाच आहे का, हे क्रम शेजारी मांडून बघा.