फाईल पाठवणाऱ्या टोकांना नावं कशी द्यावीत

इंदूरला मुख्य ऑफिस, पीथमपूरला कारखाना, सांवेर रोडवर गोदाम, वडोदऱ्याला डेपो. अशा कंपनीत बिलांच्या आणि स्टॉकच्या फाईली एसएफटीपी किंवा एएस२ने (नेटवर्कवरून सुरक्षितपणे फाईली पाठवायच्या दोन पद्धती) रोज ये-जा करतात आणि प्रत्येक टोकाला, म्हणजे फाईल पाठवणाऱ्या किंवा घेणाऱ्या सिस्टिमला, एक आयडी लागतो. समोरच्या पार्टीनं तो एकदा आपल्या सिस्टिममध्ये नोंदवला की बदलताना दोन्हीकडच्यांना एकाच वेळी बसावं लागतं. म्हणून जे बदलणार नाही तेवढंच आयडीत घाला. आयपी (मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता), माणसाचं नाव, सॉफ्टवेअरचं नाव यातलं काहीही नको.

गाव, जागा, चालू की टेस्ट, आणि क्रमांक, एवढं पुरतं. गावासाठी विमानतळाचा कोड घ्या: इंदूर आयडीआर, वडोदरा बीडीक्यू, ग्वाल्हेर जीडब्ल्यूएल. त्यात रेल्वेचे कोड मिसळू नका. तिथे वडोदरा बीआरसी आहे आणि इंदूर चार अक्षरी. पीथमपूरला गावाचा कोड इंदूरचाच, पुढे जागेची दोन अक्षरं पीटी. चालू म्हणजे पी, टेस्ट म्हणजे टी. झालं: आयडीआर-पीटी-पी-०१. इंग्रजीत हायफनसकट ११ अक्षरं होतात, म्हणजे विंडोजच्या नेटबायोसची (मशीनला नाव द्यायची जुनी पद्धत) १५ अक्षरांची मर्यादाही सांभाळली जाते.

सगळी अक्षरं इंग्रजी आणि स्मॉलच ठेवा. एएस२चा आयडी कॅपिटल-स्मॉलमध्ये फरक करतो. एक अक्षर चुकलं की समोरचा सर्व्हर आपल्याला ओळखतच नाही. हेच नाव होस्टनेम (नेटवर्कवरचं मशीनचं नाव) म्हणून वापरायचं असेल तर अंडरस्कोअर चालत नाही. हायफन चालतो, पण सुरुवातीला किंवा शेवटी नाही. क्रमांक दोन अंकी लिहा, नाहीतर यादीत १० हा २च्या आधी येतो. बंद केलेल्या टोकाचा क्रमांक नव्याला देऊ नका. जुने लॉग (सिस्टिमच्या नोंदी) वाचताना दोन्हींची गल्लत होते.

मशीन बदललं तरी आयडी तोच राहू द्या, मात्र एसएसएचची होस्ट की (एसएफटीपीत सर्व्हरची ओळख पटवणारी की) जुन्या मशीनवरून नव्यावर न्या. हे राहून गेलं तर समोरच्याकडे जुनीच की नोंदलेली असते, त्यांचा क्लायंट कनेक्शन नाकारतो आणि फाईली पाठवायचा रात्रीचा जॉब (आपोआप चालणारं काम) फसतो. फाईली का आल्या नाहीत, याचा शोध मग सकाळी सुरू होतो.

फाईलच्या नावात पाठवणाऱ्याचा आयडी, प्रकार, तारीख (वर्ष-महिना-दिवस, सलग आठ अंक) आणि पाच अंकी अनुक्रम, याच क्रमानं घाला. इथे मात्र दोन भागांमध्ये अंडरस्कोअर हवा. आयडीत फक्त हायफन असल्यामुळे प्रोग्रामला अंडरस्कोअरवर तुकडे अचूक पाडता येतात. वेळ घालायचीच तर कोलन टाळा, विंडोज ते नाव घेत नाही. फाईल जात असताना नावाच्या शेवटी डॉट-पार्ट (.part) ठेवा आणि पूर्ण पोचल्यावरच नाव बदला, नाहीतर पलीकडचा प्रोग्राम अर्धीच फाईल उचलतो.

टेस्टला वेगळा आयडी द्याच. चालू आयडीवरून गेलेलं खोटं बिल पलीकडे खऱ्या हिशोबात चढतं. आयडी फोनवर सांगू नका, ईमेलनं पाठवा. कॉपी-पेस्ट करताना शेवटी एखादी स्पेस चिकटते. ती स्क्रीनवर दिसत नाही, पण आयडी जुळत नाही, तेव्हा पहिली टेस्ट फाईल पाठवण्याआधी अक्षरांची संख्या मोजून पाहा.