पावसाळ्यात खुराडं सांभाळा, घरच्या कुत्र्यापासूनही

पाऊस लागला की खुराड्याची काळजी म्हणजे गळकं छप्पर आणि ओला भुसा, एवढंच बहुतेकांच्या डोक्यात येतं. घरचा कुत्रा त्यात नसतो. पण उन्हाळ्यात टणक असलेली जमीन आता लोण्यासारखी मऊ होते आणि जाळीखालून बीळ पाडायला कुत्र्याला फार वेळ लागत नाही. त्यात फिरणं कमी झाल्यामुळे तो घरात कंटाळलेला असतो, आणि पंख भिजलेल्या कोंबडीला झटकन उंचावर उडून बसता येत नाही.

म्हणून रोज सकाळी दार उघडण्याआधी जाळीच्या बाहेरून एक फेरी मारा. ताजी उकरलेली माती, नखांचे ओरखडे, तारेत अडकलेले केस दिसले तर समजायचं की रात्री प्रयत्न झालाय. खड्डा नुसता बुजवू नका, ती भुसभुशीत माती आणखी सहज निघते. त्यापेक्षा दीड फूट रुंद जाळीची पट्टी बाहेरच्या बाजूने जमिनीवर आडवी अंथरा, उभ्या जाळीला तारेने घट्ट आवळा आणि वर दगड-विटा ठेवा. कुत्रा उकरतो ते जाळीच्या अगदी बुडाशी. तिथे पंजाखाली तार लागली की दीड फूट मागे सरकून सुरुवात करावी, हे त्याला सहसा सुचत नाही.

बारीक तारेची षटकोनी जाळी कोंबड्या आत ठेवायला पुरते, कुत्रा बाहेर ठेवायला नाही. निदान खालचे तीन फूट तरी अर्धा इंची वेल्डमेश (सांधे वेल्डिंगने जोडलेली ताठ जाळी) लावाच. लाकडी दार ओलाव्याने फुगून कडी नीट बसत नसेल तर रंधा मारून घ्या. नुसतं लोटलेलं दार कुत्रा नाकाने उघडतो.

‘आमचा कुत्रा काही करत नाही’ हे तुम्ही समोर असेपर्यंत खरं असतं. कोंबडी फडफडत पळाली की शांत कुत्राही मागे धावतो. सहा महिने ते दीड वर्षाच्या कुत्र्यांत हे जास्त. त्याच्या लेखी तो खेळ असतो, पण कोंबडी त्यात जिवानिशी जाते. तोंड मिटलेलं, मान पुढे, अंग ताठ, नजर एका जागी खिळलेली आणि हाक मारूनही कान हलत नाही, असं दिसलं की ओरडत बसू नका, पट्टा धरून लांब न्या. सवय लावायची तीही लांबूनच. कोंबड्यांवरची नजर काढून त्याने तुमच्याकडे पाहिलं की त्याच क्षणी खाऊ द्या. रोज थोडा वेळ, आणि अंतर हळूहळू कमी. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा प्रकार क्रूर आहे, त्यातून तो काही शिकत नाही.

पिल्लं डालग्याखाली ठेवत असाल तर वर जड दगड हवा. कोंबड्यांची शीट कुत्र्याला खाऊ देऊ नका, त्यातून साल्मोनेला या जिवाणूची बाधा होऊ शकते. पावसात उंदीर वाढतात म्हणून खुराड्याजवळ विष टाकू नका. विष खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याच्या तोंडात गेला तर त्यालाही विषबाधा होऊ शकते.

कुत्र्याने धरलेली कोंबडी वरून ठीक दिसली तरी पिसं बाजूला सारून कातडी पाहा. दाताचं भोक बारीक असतं, आतलं मांस मात्र फाटलेलं असू शकतं. मिठाच्या कोमट पाण्याने, लिटरला चहाचे सपाट दोन चमचे मीठ, जखम धुवा. कोंबडी बाकीच्यांपासून वेगळी, उबदार आणि अंधाऱ्या जागी ठेवा, नाहीतर रक्त पाहून दुसऱ्या कोंबड्या तिला टोचतात. माश्या बसू देऊ नका, या दिवसांत एका दिवसात जखमेत अळ्या पडतात. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. कोंबडी आपोआप मेलेली आढळली तर ती कुत्र्यापुढे टाकू नका, आणि एकाच वेळी अनेक मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.